न विरघळणारा घांस

शिक्षकाच्या हातून चुका होतात, आणि त्यांतल्या कांहीं चुका फळ्यावरच्या अक्षरांप्रमाणें पुसतां येत नाहींत. माझ्या अशाच एका चुकीपासून आजच्या भाषणाला आरंभ करतों.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. पांचवीच्या वर्गावर माझा तास चालला असतां मागच्या बांकावरील एक मुलगा तोंड हलवीत असलेला मला दिसला. मीं त्याला उभें केलें. तो घाबरला आणि तोंडांतला पदार्थ त्यानें गिळून टाकला. तो पदार्थ म्हणजे च्युइंग गम. मुलें ज्याला 'चिंगम' म्हणतात तो. मीं त्याला छडी मारली नाहीं, परंतु साऱ्या वर्गाला ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणालों, "आतां तो तुझ्या आंतड्याला चिकटून बसेल आणि सात वर्षें निघायचा नाहीं." वर्ग हंसला. मला वाटलें, बरी अद्दल घडली.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलाचे वडील शाळेंत आले. मुलगा रात्रभर झोंपला नव्हता. पोटांत जें जाईल तें त्या गमाला चिकटून बसेल या भीतीनें तो जेवलाहि नव्हता. वडील रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "गुरुजी, तो खरोखरच चिकटतो का हो?"

आणि श्रोतेहो, मला उत्तर देतां येईना. मीं लहानपणीं जें ऐकलें होतें तेंच पुढें सांगितलें होतें. ज्या वस्तूचें भय मीं एका लेकराला घातलें, ती वस्तु कशाची बनते हेंच मला ठाऊक नव्हतें. त्या दिवसापासून या क्षुद्र पदार्थाचा मी माग काढूं लागलों, आणि जें हातीं आलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम वेष्टन पाहावें. त्यावर साखर, ग्लुकोजचा पाक, सुगंध, रंग अशीं ओळखीचीं नांवें असतात, आणि त्यांत दोनच शब्द अनोळखी असतात : 'गम बेस'. म्हणजे गमाचा पाया. वजनानें तो पदार्थाच्या चौथ्या-पांचव्या हिश्श्याइतका असतो. बाकी बहुतेक साखर. परंतु साखर चार-पांच मिनिटांत पोटांत जाते आणि नंतर तासभर आपण जें चघळीत राहतों तो हा पाया. खरा च्युइंग गम तोच. त्या दोन शब्दांच्या पडद्याआड मात्र दहा-पंधरा द्रव्यें बसलेलीं असूं शकतात.

हीं द्रव्यें समजण्यासाठीं आपल्या मराठींतील तीन जुने शब्द फार उपयोगीं पडतात. झाडाच्या अंगांतून जें पाझरतें त्याला आपण तीन नांवें दिलीं आहेत : डिंक, चीक आणि राळ. बाभळीचा डिंक रात्रीं पाण्यांत भिजत घातला तर सकाळपर्यंत विरघळून जातो. तो पाण्याचा मित्र. फणसाचा किंवा वडाचा चीक झाडांतून दुधासारखा पातळ येतो, पण एकदां वाळला कीं पाणी त्याला स्पर्श करूं शकत नाहीं. फणस कापण्यापूर्वीं घरांतील वडील माणसें हाताला व विळीला तेल लावतात, तें उगीच नव्हे. चिकाला पाणी हरवूं शकत नाहीं, तेल हरवितें. आणि राळ ही चिडाच्या जातीच्या झाडांपासून मिळते. ती थंडींत ठिसूळ, उष्णतेनें मऊ, आणि पाण्याशीं तिचेंहि सख्य नाहीं. सारंगीच्या गजाला घासतात ती हीच.

'गम' या शब्दाचा कोशांतला अर्थ डिंक, त्यामुळें च्युइंग गम म्हणजे चघळण्याचा डिंक अशी समजूत सहज होते. ती चुकीची आहे. डिंक असता तर तो तोंडांत विरघळून गेला असता. च्युइंग गम हा चीक आणि राळ यांच्या कुळांतला पदार्थ आहे. आमच्या लहानपणीं आम्ही कच्च्या गव्हाचे दाणे चघळून एक चिवट गोळा करीत असूं. तोहि तोंडांत विरघळत नसे, कारण गव्हांतील पिष्ट निघून जाऊन पाण्यांत न विरघळणारा चिवट अंश मागें उरे. तोंडांत विरघळणारें तेवढें गेलें आणि न विरघळणारें तेवढें उरलें, हेंच दोहोंचें साम्य.

आतां हा चीक कोणत्या झाडाचा? ज्या झाडानें च्युइंग गमाचा धंदा उभा केला, तें आपणांस परकें नाहीं. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतून ज्याचीं फळें आपल्या बाजारांत येतात, तेंच चिकूचें झाड. त्याचें मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. कच्चा चिकू खाल्ला असतां ओंठ एकमेकांना चिकटतात. तसलाच चीक त्याच्या खोडांतून पुष्कळ निघतो. स्पॅनिश भाषेंत त्याला 'चिक्ले' म्हणतात, आणि हा शब्द अझ्टेक लोकांच्या नाहुआट्ल भाषेंतून आलेला आहे. येथें एक सावधगिरी बाळगावी. 'चिक्ले', 'चीक' आणि 'चिकट' यांचें साम्य कानाला मोह घालणारें आहे, परंतु तो योगायोग आहे. आपला 'चिकट' हा संस्कृत 'चिक्कण' शब्दाच्या नात्यांतला. 'चिकू' हें नांव मात्र फळाबरोबर त्या देशांतून आलें. तेथें या फळाला 'चिकोझापोटे' म्हणतात.

अझ्टेक लोक हा चीक चघळीत असत. सोळाव्या शतकांतील स्पॅनिश धर्मोपदेशक बर्नार्दिनो द सहागून यानें त्यांच्या चालीरीती लिहून ठेवल्या आहेत. अविवाहित मुली चारचौघांत चघळीत, विवाहित स्त्रिया घरांत चघळीत, आणि पुरुषांनीं दांत स्वच्छ करण्यासाठीं चघळायचें तें कोणी पाहणार नाहीं अशा रीतीनें, असें तो सांगतो. तेव्हां चघळणाऱ्यावर डोळे वटारणारा मी पहिलाच मनुष्य नव्हें.

चीक काढणाऱ्या लोकांना 'चिक्लेरो' म्हणत. युकातानच्या आणि ग्वाटेमालांतील पेतेनच्या अरण्यांत ते पावसाळ्यांत शिरत, कारण त्या दिवसांत चीक मोकळा वाहतो. कमरेला दोर बांधून झाडावर चढावयाचें, कोयत्यानें खोडावर नागमोडी चर पाडीत जावयाचें, आणि बुंध्याशीं पिशवी लावावयाची. जमलेला चीक कढईंत सतत ढवळीत आटवावयाचा आणि घट्ट झाला कीं त्याचे ठोकळे पाडावयाचे. एकदां चिरलेल्या झाडाला पुन्हां चिरण्यापूर्वीं कांहीं वर्षें विश्रांति द्यावी लागे. झाडाची ही विश्रांति लक्षांत ठेवावी; पुढें सगळी कथा तिच्यावरच फिरणार आहे.

हा चीक अमेरिकेंत पोहोंचला तो मात्र चघळण्यासाठीं नव्हे. मेक्सिकोचा पदच्युत सेनानी सान्ता आना हा १८६० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कजवळ राहत असतां त्यानें टॉमस ॲडम्स नांवाच्या गृहस्थाला चिक्ले दाखविला. त्यापासून स्वस्त रबर करावें असा बेत होता. ॲडम्सनें खेळणीं, बूट, चाकांच्या धांवा असें नाना प्रकारें करून पाहिलें. कांहींच साधलें नाहीं. शेवटीं एका औषधाच्या दुकानांत एका मुलीला चघळण्याचें मेण विकत घेतांना त्यानें पाहिलें आणि त्याला युक्ति सुचली, अशी हकीकत सांगतात. १८७१ सालीं त्यानें चिक्लेच्या गमासाठीं यंत्राचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं १८६९ सालीं विल्यम सेंपल या दंतवैद्यानें रबरांत खडू व कोळशाची पूड मिसळून दांत घासणारा गम सुचविला होता. त्याचा गम लोकांनीं चघळला नाहीं, परंतु त्याची कल्पना आजच्या गमांत जिवंत आहे, हें पुढें दिसेल.

चिक्ले एकटाच इतका चांगला गम कां झाला? याचें उत्तर त्याच्या घडणींत आहे. त्यांत रबरासारखें द्रव्य दोन रूपांत असतें. एक रूप साध्या रबराचें, ताणलें कीं परत येणारें. दुसरें गटापर्चाचें, थंड असतां कठीण आणि ऊब मिळतांच मऊ होणारें. दोहोंतले अणु तेच, फक्त साखळींतील वळण निराळें. आणि या दोघांबरोबर पुष्कळशी राळहि असते. म्हणजे ताण, ऊब मिळतांच येणारा मऊपणा आणि चिकटपणा हे तिन्ही गुण निसर्गानें एकाच भांड्यांत मळून ठेविले होते. कारखानदाराला त्यांत साखर व सुगंध तेवढा मिसळावयाचा होता.

पुढें मागणी वाढली. मलाया व बोर्निओकडील जेलुटाँगसारख्या झाडांचा चीक चिक्लेंत मिसळूं लागले. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैनिकांच्या शिध्यांतहि गम असे, आणि मागणी अरण्याच्या आवांक्याबाहेर गेली. कारखान्याला घाई होती, झाडाला विश्रांति हवी होती. तेव्हां रसायनशास्त्रज्ञांनीं कृत्रिम द्रव्यें पुढें केलीं, आणि युद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत चिक्ले बहुतेक मागें पडला. आज मेक्सिकोंतील कांहीं सहकारी संस्था तो थोड्या प्रमाणांत काढतात; बाकी जगाचा गम बेस मुख्यतः कृत्रिम आहे. झाडानें जें एकत्र दिलें होतें, तें मनुष्यानें सुटें सुटें करून पुन्हां जुळविलें, एवढेंच गम बेसच्या कृतीचें रहस्य.

आतां ही कृति पाहूं. प्रत्येक कारखाना आपलीं प्रमाणें गुप्त ठेवतो, परंतु घटकांचीं कामें सर्वत्र तींच आहेत.

पहिला घटक रबर. ब्युटाइल रबर, पॉलिआयसोब्युटिलीन, किंवा स्टायरीन-ब्युटाडाइन रबर यांपैकीं एखादें. यामुळें गम दांतांखालीं दबून पुन्हां उसळतो. वजनानें याचा वाटा लहान असतो, शंभरांत दहा-वीस भागांच्या आसपास. परंतु तो अधिक झाला तर जबडे दुखतात आणि कमी झाला तर गमाचा चिखल होतो. फुगा येणाऱ्या गमांत लांब साखळ्यांचें, अधिक ताण सोसणारें द्रव्य घालावें लागतें. असा फुग्याचा गम १९२८ सालीं फिलाडेल्फिया येथें वॉल्टर डीमर या हिशेबनिसानें सिद्ध केला. त्याच्या हाताशीं गुलाबी रंगच होता, म्हणून फुग्याचा गम आजहि बहुधा गुलाबी असतो.

दुसरा घटक राळेच्या जातीचा. पाइन झाडाच्या राळेचा ग्लिसरीनशीं संयोग करून केलेलें द्रव्य यांत येतें. तसेंच पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हें कृत्रिम द्रव्यहि येतें. सुतार जो पांढरा सरस वापरतात त्यांत हेंच द्रव्य असतें. अर्थात् खाद्यपदार्थासाठीं तें निराळ्या शुद्धतेचें घेतात. खोलीच्या उष्णतेला तें कडक व तोंडाच्या ऊबेला मऊ होतें. गमाचा तुकडा आधीं मोडतो आणि मग वळतो, याचें पुष्कळसें श्रेय याला आहे. चिक्लेंतील गटापर्चाचें काम हेंच करतें.

तिसरा घटक मेण आणि स्निग्ध द्रव्यें : पॅराफीन, घट्ट केलेलीं वनस्पतितेलें, सोयाबीनपासून मिळणारें लेसिथिन. हीं रबराच्या साखळ्यांमध्यें शिरून त्यांना एकमेकींवरून सरकूं देतात.

चौथा घटक भर घालणारी पूड, बहुधा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीची अतिसूक्ष्म भुकटी. सेंपलच्या खडूची आठवण येथें होते. या पुडीनें गमाला अंग येतें आणि तो दांतांना चिकटत नाहीं. परंतु गम आंबट करावयाचा असेल तर ही पूड चालत नाहीं. लिंबू पिळलें असतां खाण्याचा सोडा फसफसतो, त्याच कारणानें आम्ल आणि चुनखडी यांचा वायु होईल व आंबटपणा मरून जाईल. अशा वेळीं शंखजिऱ्याची पूड घालतात.

शेवटचा घटक चिमूटभर, हजारांत एखाद्या भागाइतका : तेलाला खवटपणा येऊं न देणारें द्रव्य, जसें बी. एच. टी. हवेनें रबर म्हातारें होतें. तें वार्धक्य हें लांबवितें.

हे घटक एकत्र आणण्याचा क्रम पुरणपोळीची कणीक मळणाऱ्या गृहिणीला लगेच पटेल. आधीं कणीक पाण्यानें मळून तिला चिवटपणा आणतात, मग तेल पाजतात. आधींच तेल ओतलें तर ती मळलीच जात नाहीं. येथेंहि तसेंच. दोन वांकड्या पात्यांच्या तापलेल्या यंत्रांत रबर आणि पूड प्रथम रगडतात. पुडीच्या घर्षणानें रबर तुटतें, मऊ होतें. मग राळ थोडी थोडी घालतात, आणि सर्वांत शेवटीं मेण व तेल. घाई केली तर रबर तेलांत निसटत राहतें आणि गुठळ्या राहतात. तयार पाया गाळून घेतात. पुढें तो मऊ करून त्यांत वस्त्रगाळ साखर, पाक, ग्लिसरीन व सुगंध मळतात, लाटतात, कापतात आणि गुंडाळतात. साखर जाडी राहिली तर दांतांखालीं वाळू आल्यासारखी वाटते.

आतां तुकडा तोंडांत टाकूं. ऊबेनें पाया मऊ होतो. लाळ साखर नेते. सुगंधी तेलें मात्र पाण्यापेक्षां पायावर अधिक प्रेम करतात. तीं त्यांतच दडून हळूहळू बाहेर पडतात. मौज अशी कीं गोडी संपली कीं आपल्याला सुगंधहि संपलासा वाटतो, वस्तुतः तो पुष्कळ शिल्लक असतो. जिभेची तक्रार नाकाच्या नांवावर जाते. आणि पाया? त्याला लाळेंतील पाण्याचें कांहीं देणें नाहीं, म्हणून तो जसाच्या तसा राहतो.

मुलीच्या केसांत गम अडकला तर पुष्कळ घरांत कात्री शोधतात. फणसाची आठवण ठेवावी आणि खोबरेल लावावें. तेल पायांत शिरून त्याला सैल करतें. कपड्याला लागला तर बर्फ लावावा. थंडीनें पाया कडक होतो आणि खरवडून निघतो. एकाच वस्तूचे हे दोन स्वभाव त्याच्या घटकांतूनच आले आहेत.

आतां त्या मुलाच्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतों. आंतड्याची आंतली बाजू सतत ओलसर व बुळबुळीत असते, आणि गम चिकटतो तो कोरड्या जागीं. शिवाय आंतड्यांची हालचाल सदैव चालूं असते. साखर वगैरे पचते, पाया पचत नाहीं. परंतु पचत नाहीं म्हणून राहतो असें नव्हे. भाजीचा चोथा जातो त्याच वाटेनें तोहि दोन-चार दिवसांत बाहेर पडतो. लहान मुलांनीं रोज अनेक तुकडे गिळण्याची संवय लावून घेतल्यामुळें अडथळा झाल्याचीं थोडीं उदाहरणें वैद्यकांत नोंदलेलीं आहेत. तेव्हां गिळूं नये हेंच बरें. परंतु चुकून गिळलेल्या एका तुकड्यासाठीं एका मुलानें रात्रभर जागावें असें त्यांत कांहींहि नाहीं.

मग या पायापासून मुळींच त्रास नाहीं काय? आहे, परंतु तो पोटांतल्यापेक्षां रस्त्यावर अधिक. जो पदार्थ लाळेला जुमानीत नाहीं तो पावसालाहि जुमानीत नाहीं. थुंकलेला गम फरशीवर काळा डाग होऊन वर्षानुवर्षें राहतो. सिंगापुरांत गाड्यांच्या दारांना लोक गम चिकटवूं लागले, आणि तेथील सरकारनें १९९२ सालीं त्याची विक्रीच बंद केली. २००४ पासून औषधी गमापुरती ती सैल केली. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. २०२५ सालीं लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं असें मांडलें कीं गम चघळतांना प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण लाळेंत उतरतात, आणि 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गमांतहि ते आढळले. तो प्रयोग लहान होता आणि त्या कणांचा शरीरावर काय परिणाम होतो हें त्यांत पाहिलेलें नव्हतें. म्हणून यावरून घाबरूं नये. मात्र आपण चघळतों त्यांत कृत्रिम रबर व प्लॅस्टिकच्या कुळांतलीं द्रव्यें असतात, हें ठाऊक असावें. भारताच्या २०११ सालच्या खाद्यनियमांत गम बेसला चालणाऱ्या द्रव्यांची यादी आहे. तींत चिकूहि आहे आणि कृत्रिम रबराचा चीकहि. वेष्टनावर मात्र या दोहोंसाठीं शब्द एकच.

श्रोतेहो, पंधरवड्यानंतर मी त्याच वर्गापुढें उभा राहिलों आणि म्हणालों, "मागें मीं जें सांगितलें तें खोटें होतें. गम आंतड्याला चिकटत नाहीं." वर्ग गप्प बसला; मास्तर चुकतात हें त्यांना नवीन असावें. तेवढ्यांत तोच मुलगा मागच्या बांकावर उठून उभा राहिला आणि त्यानें विचारलें, "मग गुरुजी, तो विरघळत कां नाहीं?"

हा प्रश्न मीं त्याच्या आधीं स्वतःला विचारला असता तर एका मुलाची रात्र वाचली असती. आपल्या घरांतलीं मुलें असा प्रश्न विचारतील तेव्हां त्यांना भय देऊं नये, उत्तर द्यावें. आणि उत्तर ठाऊक नसेल तर त्यांच्यासमोरच तें शोधूं लागावें. आणि हो, चघळून झालेला गम कागदांत गुंडाळून केराच्या टोपलींत टाकण्यास त्यांना सांगावें. तो विरघळत नाहीं, हें आतां आपणां सर्वांना ठाऊक झालें आहे.